करणी आणि ताळा

इतिहास म्हटला की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आकड्यांनाही इतिहास असतो आणि तोही माणसांनीच घडवलेला असतो, हे सहसा कोणी सांगत नाही. आज आम्ही अशाच एका इतिहासाबद्दल बोलणार आहोत. विषय शाळेतला आहे. वर्गमूळ पोटात घेऊन बसलेली समीकरणे कशी सोडवावीत, एवढाच. परंतु या लहानशा प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखादे उत्तर खरे आहे हे ठरवायचे कोणी? ज्याने ते काढले त्याने, की ज्याला ते मान्य करायचे आहे त्याने? आमचा सारा जन्म कामगार संघटनेच्या कामात गेला आणि शाळेशी आमचा संबंध लवकरच सुटला. गणित आम्ही पुढे, जमेल तसे, पुस्तके उसनी आणून शिकलो. त्यामुळे पंडिताचा अधिकार आम्ही सांगत नाही. मात्र हिशेबाला बसलेल्या माणसाची नजर आमच्याजवळ आहे आणि त्या नजरेला जे दिसले ते येथे मांडतो.

प्रथम विषयाची ओळख. ‘एका संख्येत ५ मिळवले तर १२ होतात’ हे समीकरण कोणीही सोडवील. ‘एका संख्येच्या वर्गमूळात ५ मिळवले तर १२ होतात’ हेही अवघड नाही. वर्गमूळ ७, म्हणून संख्या ४९. अडचण येते ती संख्या स्वतः आणि तिचे वर्गमूळ अशी दोन्ही एकाच वाक्यात येतात तेव्हा. वर्गमूळ माहीत नाही म्हणून संख्या माहीत नाही आणि संख्या माहीत नाही म्हणून वर्गमूळ माहीत नाही. या कोड्यातून सुटण्याचे मार्ग आपल्या देशात फार पूर्वी शोधले गेले आणि त्यांपैकी काही आजच्या शाळेतल्या रीतीपेक्षा अधिक सावध आहेत.

दोरी आणि विटा

आपल्या गणितात न सुटणाऱ्या वर्गमूळाला ‘करणी’ म्हणतात. ४, ९, १६ यांची मुळे नेमकी निघतात; २, ३, ५ यांची निघत नाहीत, म्हणून त्या करणी. हा शब्द ग्रंथांच्या पानांतून जन्मलेला नाही, तो जमिनीवर जन्मला. इसवी सनापूर्वी काही शतके यज्ञाच्या वेदी बांधण्याचे नियम शुल्बसूत्रांत ग्रथित झाले. शुल्ब म्हणजे दोरी. वेदी ठरल्या आकाराची आणि ठरल्या क्षेत्रफळाचीच व्हावी लागे. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची आणि विटा रचायच्या. चौरस ‘करणारी’ जी बाजू ती करणी. दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस करणारी ती द्विकरणी, म्हणजेच आपल्या भाषेत २चे वर्गमूळ. मूळ चौरसाच्या कर्णावर नवा चौरस उभारला की तो बरोबर दुप्पट होतो, हे दोरी धरणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होते.

आता ही लांबी आकड्यांत सांगायची कशी? शुल्बसूत्रकारांनी दिलेली रीत अशी: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशेब केला तर ५७७ भागिले ४०८ येतात. याचा ताळा पाहा. ५७७चा वर्ग ३,३२,९२९ होतो आणि ४०८च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. तीन लाखांवर रकमेत फरक फक्त एकाचा! आणि या मोजमापाला त्यांनी ‘सविशेष’ म्हटले आहे, म्हणजे काही शिल्लक उरलेले. उत्तर जवळचे आहे, नेमके नाही, ही खूण त्यांनी शब्दातच बांधून ठेवली. दोन हजार वर्षांहून अधिक जुना हा प्रामाणिकपणा आम्हांला त्या आकड्याइतकाच मोलाचा वाटतो.

मुळांची जात

पुढे दोरी सुटली आणि करणीचा स्वतंत्र हिशेब सुरू झाला. इ. स. ६२८मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्यात करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांचे नियम आहेत. येथे नवख्याचा पाय घसरतो. ९चे मूळ आणि १६चे मूळ मिळवले तर २५चे मूळ येईल, असे वाटते. पण ३ आणि ४ मिळून ७ होतात, ५ नव्हे. उलट २ची करणी आणि ८ची करणी मिळवली तर १८ची करणी येते. कारण त्या बेरजेचा वर्ग केला की २, ८ आणि शिवाय त्यांच्या गुणाकाराच्या मूळाची दुप्पट, म्हणजे आणखी ८, अशी १८ रक्कम भरते. हे १८ लक्षात ठेवावेत. त्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य या जैन गणितीने गणितसारसंग्रह रचला. आजचा महाराष्ट्रही तेव्हा राष्ट्रकूटांच्या राज्यात होता. मूळ असलेल्या उदाहरणांचे महावीराने वर्ग पाडले आणि प्रत्येकाला नाव दिले: मूळ, शेषमूळ, अंशमूळ, मूलमिश्र इत्यादी. एखादा कुशल कारागीर हत्यारे आकारावार लावून ठेवतो, तशी ही मांडणी आहे. त्यातला मूलमिश्र हा प्रकार पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दोन वर्गमुळे एकदम येतात. रीत महावीराची, आकडे आमचे: एका संख्येचे वर्गमूळ आणि तीच संख्या १६ने वाढवून घेतलेले वर्गमूळ यांची बेरीज ८ आहे, तर संख्या कोणती? बेरजेचा वर्ग ६४. त्यातून वाढ १६ वजा केली, ४८ उरले. त्याला बेरजेच्या दुपटीने, म्हणजे १६ने भागले, ३ आले. त्याचा वर्ग ९. ताळा: ९चे मूळ ३, २५चे मूळ ५, मिळून ८. उत्तर खरे.

आता एक गंमत करू. बेरीज ८ऐवजी २ असल्याचे सांगितले तर? २चा वर्ग ४. त्यातून १६ गेले, उणे १२ राहिले. ४ने भागले, उणे ३. वर्ग पुन्हा ९! पण ९चे मूळ आणि २५चे मूळ मिळून ८ होतात, २ नव्हेत. ५तून ३ वजा केले तरच २ येतात. म्हणजे आम्ही बेरीज विचारली आणि सूत्राने मुकाट्याने वजाबाकीचे उत्तर हातात ठेवले. खरे पाहता या प्रश्नाला उत्तरच नाही. ज्याने शेवटी ताळा पाहिला नाही, तो ९ हे उत्तर घेऊन समाधानाने घरी जाईल.

अर्जुनाचे बाण

या परंपरेचा कळस भास्कराचार्यांच्या ग्रंथांत दिसतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४मधला, आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातले विज्जडविड असल्याचे ते स्वतः सांगतात. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५०मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पुरा केला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग.

लीलावतीत मुळांची उदाहरणे हंस, भुंगे आणि बाण यांच्या वेषात येतात. बाणांचे उदाहरण आमच्या आवडीचे आहे. कर्णाला मारण्यासाठी अर्जुनाने काही बाण घेतले. निम्म्या बाणांनी त्याने कर्णाचे बाण अडवले. बाणांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या चौपटीने घोडे मारले. सहा बाणांनी शल्याला गाठले. तीन बाणांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य तोडले. एका बाणाने मस्तक उडवले. तर एकूण बाण किती? आजच्या चिन्हांत मांडायचे तर असे:

क्ष = क्ष/२ + ४√क्ष + १०

भास्कराचार्यांची रीत पाहा. निम्मे बाण एका बाजूस गेले, म्हणून उरलेल्या निम्म्याची किंमत ४ मुळे आणि १० बाण. पूर्ण संख्येसाठी दोन्ही दुप्पट करा: संख्या म्हणजे ८ मुळे आणि २०. आता मुळांच्या गुणकाचे, ८चे, अर्ध करा: ४. त्याचा वर्ग १६. त्यात २० मिळवा: ३६. त्याचे मूळ ६. त्यात ते अर्ध, ४, मिळवा: १०. हे बाणांच्या संख्येचे मूळ. त्याचा वर्ग १००. एकूण बाण शंभर. ताळा: पन्नास, चाळीस, सहा, तीन आणि एक, शंभर पुरे.

या रीतीत एक बारीक शहाणपण आहे. येथे हात संख्येला घातलेला नाही, तिच्या मूळाला घातला आहे. अगोदर मूळ शोधले आणि वर्ग अगदी शेवटी, एकदाच केला. जे अव्यक्त आहे त्यातले धाकटे हाताशी धरले, म्हणजे थोरले आपोआप येते. या क्रमाचे महत्त्व थोड्याच वेळात दिसेल.

मूळ एकाच साखळीत गुंतले असेल तर लीलावतीत दुसरी वाट आहे, ती व्यस्तविधीची, म्हणजे उलट पावलांनी परत येण्याची. जेथे गुणले तेथे भागावे, जेथे मिळवले तेथे वजा करावे, जेथे वर्ग केला तेथे मूळ घ्यावे आणि जेथे मूळ घेतले तेथे वर्ग करावा. तिथले उदाहरण असे: एका संख्येला तिनाने गुणले, गुणाकारात त्याचा पाऊण भाग मिळवला, सातांनी भागले, भागाकारातून त्याचा तिसरा भाग काढला, आलेल्याचा वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतले, ८ मिळवले, १०ने भागले आणि शेवटी २ उरले. शेवटापासून मागे या. २ दाही २०, ८ गेले, १२, वर्ग १४४, ५२ मिळवले, १९६, मूळ १४. हे १४ तिसरा भाग काढून उरलेले, म्हणून मूळ रक्कम २१. सातांनी गुणले, १४७. यात पाऊण भाग मिळवलेला आहे, तो काढला, ८४. तिनाने भागले, २८. हरवलेली वस्तू शोधणारा माणूस आल्या वाटेने परत फिरतो, तीच ही युक्ती.

खोटे मूळ

आता शाळेतली रीत. शाळेत शिकवतात की, वर्गमूळ एका बाजूस एकटे काढावे आणि दोन्ही बाजूंचा वर्ग करून टाकावा, म्हणजे मूळचिन्ह जाते. बाणांच्या उदाहरणात तसे करू:

४√क्ष = क्ष/२ − १०

दोन्ही बाजूंचा वर्ग करून सारखे केले की

क्ष² − १०४क्ष + ४०० = ०

असे समीकरण येते. त्याची उत्तरे दोन: १०० आणि ४. चार बाण! चार बाण घेऊन अर्जुनाने दोन बाणांनी बाण अडवले, आठांनी घोडे मारले आणि वर दहा बाण शल्यासाठी, छत्रासाठी आणि मस्तकासाठी सोडले. म्हणजे चार बाणांत वीस बाणांचे काम! हे उत्तर खोटे आहे. पण आकडेमोडीत चूक कुठेही नाही. मग खोटे आत शिरले कोठून?

ते शिरले वर्ग करण्याच्या दारातून. ‘चार म्हणजे उणे चार’ असे कोणी म्हटले तर आपण त्याला हसू. पण दोन्ही बाजूंचा वर्ग करा: सोळा म्हणजे सोळा. खोटे विधान क्षणात खरे झाले, कारण वर्ग करताच ऋणाचे चिन्ह पुसले गेले. वर्गाला जमा आणि नावे यांतला भेद कळत नाही. खऱ्या समीकरणाचा वर्ग केला तर ते खरेच राहते, त्यामुळे खरे उत्तर कधी हरवत नाही. पण त्याच्याबरोबर शेजारच्या प्रश्नाचे उत्तर आत घुसते. येथे घुसलेले ४ हे ‘मुळाची चौपट मिळवा’ याऐवजी ‘वजा करा’ म्हटले असते तर खरे ठरले असते: २ आणि १०, त्यांतून ८ गेले, राहिले ४. भास्कराचार्यांनी मूळच हाताशी धरल्यामुळे हा पाहुणा त्यांच्या दारात आलाच नाही.

भास्कराचार्यांना हा धोका माहीत नव्हता असे मात्र नाही. बीजगणितात वानरांच्या टोळीचे उदाहरण आहे. टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरलेल्यांचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक झाडाच्या फांदीवर दिसले. टोळी किती? गणिताने दोन उत्तरे येतात, ५० आणि ५. पन्नासांचा पाचवा भाग १०, तीन गेले, ७, वर्ग ४९ आणि फांदीवरचे एक, पुरे ५०. पाचांचा पाचवा भाग १. त्यातून तीन कसे जातील? उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत? वर्ग केल्यावर मात्र ४ येतात आणि एक मिळवून ५ होतात. आकडा जुळतो, गोष्ट जुळत नाही. भास्कराचार्य सांगतात की, हे दुसरे उत्तर येथे घेऊ नये, ते विसंगत आहे. व्यक्त राशी ऋण निघाली तर लोकांचा तिच्यावर विश्वास बसत नाही. बारा शतकांतल्या पंडितांच्या मांदियाळीत बसणारा हा माणूस शेवटी साक्ष काढतो ती लोकांच्या प्रतीतीची, हे आम्हांला विशेष वाटते.

आता त्या १८कडे वळू. बीजगणितातच १० आणि ३२, २४, ८ यांच्या करणी अशा बेरजेचे वर्गमूळ विचारले आहे. अशी मुळे काढण्याचे नियम ठरलेले होते आणि कोणत्या करणी किती एका वेळी वजा कराव्यात यालाही मर्यादा होती. मर्यादा न पाळता तिन्ही एकदम वजा केल्या तर १०० उणे ६४ म्हणजे ३६, त्याचे मूळ ६, आणि त्यावरून २ची करणी व ८ची करणी असे सुबक उत्तर हाती येते. भास्कराचार्य म्हणतात, हे मूळ खोटे. कारण त्याचा वर्ग १८ होतो. विचारलेली रक्कम तर तेविसांच्याही पुढची आहे. रीत वापरली म्हणून उत्तर खरे ठरत नाही. उत्तर प्रश्नापाशी परत नेऊन उभे करावे लागते.

मुके आणि बहिरे आकडे

पश्चिमेकडेही हाच खेळ चालू होता. न सुटणाऱ्या मूळाला ग्रीकांनी जे नाव दिले त्याचा एक अर्थ ‘न बोलणारे’ असा होतो. अरबांनी त्याचे ‘बहिरे’ केले आणि बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी तोच बहिरेपणा उचलला. इंग्रजीतला ‘सर्ड’ हा शब्द त्यातूनच आला. आपल्याकडे तीच संख्या ‘करणारी’ ठरली आणि तिकडे ती बहिरी. एकाच वस्तूकडे दोन दारांतून पाहिले, एवढाच अर्थ. आज आपण वापरतो ते √ हे चिन्ह १५२५ साली क्रिस्टोफ रुडोल्फ या जर्मनभाषक गणितीच्या पुस्तकात छापलेले आढळते. त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे संख्येपुढे ‘क’ हे अक्षर लिहून करणी दाखवत.

तिकडचा एक प्रसंग आमच्या विषयाची दुसरी बाजू दाखवतो. महावीराने स्पष्ट सांगितले होते की, ऋण संख्या ही स्वभावानेच कशाचा वर्ग नव्हे, म्हणून तिला वर्गमूळ नाही. १५४५ साली इटलीत कार्डानोने घनसमीकरणे मुळांच्या साह्याने सोडवण्याची रीत प्रसिद्ध केली. ‘एका संख्येचा घन म्हणजे तिची पंधरापट आणि चार’ या उदाहरणाला ती लावली की उत्तरात उणे १२१चे वर्गमूळ येऊन बसते. अशा उत्तराचे करायचे काय? राफाएल बोम्बेल्ली हा दलदलीचे पाणी काढून जमीन कोरडी करण्याच्या कामावरचा इंजिनीयर होता. त्याने १५७२मध्ये धीर करून ती अशक्य मुळे तशीच धरली, त्यांची बेरीज-गुणाकार नियमाने केला आणि शेवटी अशक्य भाग एकमेकांना खाऊन ४ हे उत्तर निघाले. ताळा: ४चा घन ६४, पंधरापट ६० आणि ४, मिळून ६४. दिसायला सरळ असलेले ४ बाण ताळ्यात खोटे ठरले आणि दिसायला अशक्य असलेल्या वाटेने आलेले हे ४ ताळ्यात खरे ठरले. १८२४ साली आबेल या तरुण नॉर्वेजियनाने दाखवून दिले की, पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला मुळांचे सूत्रच नाही. परंतु जेथे सूत्र नाही तेथेही कोणी उत्तर आणून दिले तर ते खरे की खोटे हे पाहता येते. सूत्र संपते, ताळा संपत नाही.

पळीभर तेल

आता पुन्हा आपल्या मातीकडे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. १२०७ साली निकुंभ घराण्याने त्या मठाला दान दिले आणि त्याचा शिलालेख पाटणच्या देवळात कोरला गेला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो विद्वानांपुढे आणला. लेख बहुतांशी संस्कृत आहे, पण शेवटी भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. घराण्याची थोरवी आणि पंडितांची कीर्ती संस्कृतात. बाजारातल्या कोणाकडून काय घ्यायचे ते मराठीत. पेठेत विक्रीला येणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यावा, आणि जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल मठाला द्यावे, अशी ती व्यवस्था आहे.

कामगारांत वावरणाऱ्या माणसाला हा मजकूर वाचून थांबावेच लागते. अर्जुनाच्या बाणांचा हिशेब ज्या दिव्याखाली शिकवला जात असेल, त्या दिव्यात कोणा तेल्याच्या घाण्याचे तेल होते. तेल्याच्या मुलाला त्या मठात शिकायला जागा होती, असे शिलालेख म्हणत नाही. खर्च सर्वांचा आणि ज्ञान थोड्यांचे, ही रीत जगात सगळीकडे होती. पण तिचा दगडावर कोरलेला मराठी पुरावा आपल्याजवळ आहे. पुढे १५८७मध्ये लीलावती फारसीत गेली, १८१६ साली मुंबईत तिचे इंग्रजी भाषांतर छापले गेले आणि दारे हळूहळू उघडली. आज ते गणित शाळेच्या पुस्तकात आहे. तेलाची ती पळी सातआठशे वर्षांनी का होईना, फेडली जाण्याची संधी आली आहे.

ही संधी साधायची कशी? सारे लोक गणिती होतील असे आम्ही म्हणत नाही. सूत्र रचायला बुद्धी, फुरसत आणि गुरू लागतो. परंतु ताळा पाहायला यांतले फारसे काही लागत नाही. उत्तर घ्यायचे आणि मूळ प्रश्नात घालून पाहायचे, बस्स. संघटनेच्या कामात हे आम्ही पदोपदी पाहिले आहे. एका कारखान्यात पीसरेटची नवी योजना आली. फळ्यावर सूत्र मांडले गेले, आकडे मोठे सुबक होते. योजना समजावणारे साहेब हुशार होते आणि त्यांच्या सूत्रात दोष दाखवण्याइतके गणित आमच्यापैकी कोणापाशी नव्हते. लेथवरचा एक कामगार उठला. गेल्या महिन्याची आपली पगारचिठ्ठी त्याने पुढे केली आणि म्हणाला, “साहेब, माझे नग आणि माझे तास यात घाला. पगार वाढतो म्हणता ना, मग किती येतो तेवढा दाखवा.” आकडे घातले, तर आलेली रक्कम चिठ्ठीवरच्या रकमेपेक्षा कमी भरली. सभा तिथेच थांबली आणि योजना पुन्हा मांडावी लागली. त्या माणसाने सूत्र रचले नाही, खोडलेही नाही. त्याने ताळा मागितला.

मराठीत ताळा हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. दुकानदार बेरजेचा ताळा पाहतो, संस्थेचा ताळेबंद सभेपुढे येतो, आणि भरकटलेल्या माणसाला आपण ताळ्यावर आणतो. वर्गमुळाच्या समीकरणात खोटे उत्तर खऱ्याच्या शेजारी, त्याच कपड्यांत, त्याच मांडणीतून बाहेर येते. दोघांत निवड करण्याचे सूत्र नाही. प्रश्नाकडे परत जाणे हाच उपाय. सार्वजनिक व्यवहारात हे अधिकच लागू पडते. येथेही पुष्कळ गोष्टींचा वर्ग केला जातो आणि उण्याचे चिन्ह पुसले जाते. लाखांच्या आणि कोटींच्या बेरजेत कोणाचे काय गेले ते दिसेनासे होते. अशा वेळी मोठ्या आकड्याला न बुजता, तो जेथून निघाला त्या माणसापाशी त्याला परत नेऊन विचारले पाहिजे की, बाबा, तुझा पाचवा भाग केवढा आणि त्यातून तीन जातात का?

आपल्या मुलांना करणीची उदाहरणे शिकवताना गुरुजनांनी आणि पालकांनी एवढे अगत्याने करावे, ही आमची विनंती. उत्तर आल्यावर वही मिटू देऊ नये. ‘ताळा पाहिलास का?’ असे विचारावे, आणि मुलाने उलट आपल्याला तेच विचारले तर रागावू नये.